चिनी 'फांगगू' जेड पात्र कसं तपासावं: दगड, घाट, कोरीवकाम आणि तळाची अक्षरं

समोर जेडचं एक चिनी पात्र आहे. घाट शांग काळातल्या (इ.स.पू. सुमारे १६००–१०४६) कांस्यपात्राचा, पोटावर डोळे वटारलेला पशुमुखवटा, दोन्ही कानांत सुट्या कड्या, तळाशी छ्यानलोंग सम्राटाचं नाव. पाहणारा लगेच विचारतो, "खरं की खोटं?" या वस्तूंपुढे हा प्रश्न तोकडा पडतो. जुन्याची नक्कल करणं हाच त्यांचा उघड हेतू होता. चिनी भाषेत या प्रकाराला 'फांगगू' म्हणतात, म्हणजे जुन्याबरहुकूम केलेलं.

त्यामुळे तपासणीला बसताना वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात घाट आणि नक्षी कोणत्या काळातली आहे ते लिहायचं. दुसऱ्यात प्रत्यक्ष कोरीवकाम कधीचं दिसतं ते. तिसऱ्यात नंतर कोणी काय केलं ते: काठ घासला, रंग दिला, अक्षरं घातली, झाकण बदललं. पात्र एकच असलं तरी वयं तीन असतात. बहुतेक चुका पहिल्या रकान्यातलं वय दुसऱ्यात लिहिल्यामुळे होतात.

थोडी पार्श्वभूमी लागेल. सोंग काळात जमिनीतून निघालेली कांस्यपात्रं विद्वान आणि सरदार जमवू लागले, आणि त्यांच्या सचित्र सूची तयार झाल्या. लू दालिनची 'खाओगू थू' १०९२ सालची. त्यानंतर हुइत्सोंग सम्राटाच्या (कारकीर्द ११००–११२६) दरबारी संग्रहाची 'बोगू थू' आली. पुढची कित्येक शतकं या सूचींच्या छापील प्रती कारागिरांसमोर होत्या. रेषांच्या चित्रावरून केलेल्या कामात मूळ कांस्याचा उठाव हरवतो आणि नक्षी सपाट, कागदी होते. हा सपाटपणा मिंग (१३६८–१६४४) आणि छिंग (१६४४–१९१२) काळातल्या फांगगू जेडची ओळखच आहे. छ्यानलोंगच्या काळात (१७३६–१७९५) दरबारी कांस्यांची नवी सचित्र सूची झाली. १७५९ साली शिनच्यांगवर ताबा आल्यावर खोतान आणि यारकंदचा दगड मुबलक येऊ लागला. आपल्या काळातलं नाजूक, गुंतागुंतीचं कोरीवकाम या सम्राटाला उथळ वाटे, आणि कारागिरांनी जुन्या घाटांकडे वळावं असा त्याचा आग्रह होता. आज बाजारात सर्वांत जास्त नकला होतात त्या याच काळातल्या कामाच्या.

बसण्याआधी

टेबलावर जाड टॉवेल घाला. हातातल्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. पात्र कानांनी, कड्यांनी किंवा झाकणाच्या गोंड्याला धरून कधीही उचलू नका. एक हात तळाखाली, दुसरा पोटाला. झाकण आधी काढून वेगळं ठेवा, लाकडी बैठकही बाजूला करा. पावसाळ्यात दमट हवेत लाकूड फुगतं आणि पात्राचा पाय खाचेत घट्ट बसतो. तेव्हा ओढाताण करू नका. कोरड्या खोलीत दोन-चार दिवस ठेवलं की ते आपसूक सैल होतं.

सामान फार लागत नाही. १० पट मोठं दाखवणारं भिंग, अरुंद झोताची पांढरी टॉर्च, ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, प्लॅस्टिकचा व्हर्नियर, बादली आणि नायलॉनचा दोरा.

दगड कोणता

चिनी परंपरेतलं जेड म्हणजे मुख्यतः नेफ्राइट. ते तंतुमय असतं. सूक्ष्म तंतू एकमेकांत नमद्यासारखे गुंतलेले असतात, म्हणून ते फारसं कठीण नसूनही (काठिण्य ६ ते ६.५) विलक्षण चिवट असतं. पात्राच्या कानातून सुटी कडी कोरून काढता येते ती या चिवटपणामुळेच. जेडाइट हे वेगळं खनिज आहे, काठिण्य ६.५ ते ७. ब्रह्मदेशातलं जेडाइट चीनमध्ये मोठ्या प्रमाणात पोहोचलं ते १८व्या शतकात. म्हणून कोणी मिंग काळचं म्हणून दाखवलेलं पात्र जेडाइटचं निघालं, तर दुसऱ्या रकान्यातलं वय तिथेच बदला.

टॉर्च पात्राला टेकवून आत उजेड सोडा. नेफ्राइटमध्ये उजेड मऊ पसरतो, आत पेजेवरच्या निवळीसारखे धूसर ढग दिसतात आणि पृष्ठभागाची चमक तुपकट असते. गोल बुडबुडे दिसले तर ती काच. साखरेसारखे चमचमते कण दिसले तर क्वार्टझाइट किंवा संगमरवर असण्याची शक्यता मोठी. हिरवट-पिवळा, मेणचट, फारच एकसारखा दगड बऱ्याचदा सर्पेंटाइन निघतो. स्वस्त 'जेड' म्हणून तोच सर्वाधिक खपतो.

पांढऱ्या नेफ्राइटमध्येही भेद आहेत. १९९० च्या दशकापासून छिंगहाय प्रांतातला दगड बाजारात भरपूर आला. तो खोतानच्या दगडापेक्षा जास्त पारदर्शक, किंचित पाणचट असतो, आणि उजेडात त्यात स्वच्छ पाण्याच्या रेघेसारख्या शिरा दिसतात. अशा दगडावर छ्यानलोंगचं नाव असेल तर पुढची तपासणी फार सावधपणे करा.

चाकूने ओरखडा काढून पाहण्याची जुनी पद्धत कृपा करून वापरू नका. काच आणि क्वार्टझाइटही पोलादाला दाद देत नाहीत, म्हणजे उत्तर मिळतच नाही. मऊ दगडावर मात्र कायमची जखम होते.

पाण्यातलं वजन

दगड ओळखण्याची घरी करता येण्याजोगी सर्वांत भरवशाची चाचणी ही. आधी तीन गोष्टी पाहा: पात्राला चिकटवलेला सांधा नाही ना, आत धातूचं अस्तर नाही ना, अक्षरांत सोनं किंवा रंग भरलेला नाही ना. यापैकी काहीही असेल तर पाण्यात घालू नका.

१. कोरड्या पात्राचं वजन घ्या, झाकणाशिवाय. कड्या त्याच दगडाच्या असतील तर चालतात.

२. बादलीत पाणी घ्या आणि भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका, म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. भरलेली बादली काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. काट्याची क्षमता बादलीसकट पुरेल ना, हे आधीच बघा. लहान पात्राला पातेलंही पुरतं.

३. पात्र दोऱ्याने पोटाभोवती दोन ठिकाणी बांधा आणि पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा. तळाला आणि कडांना ते टेकता कामा नये. आत अडकलेली हवा पात्र हळूच कलतं करून बाहेर काढा.

४. काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजेच दगडाचं घनसेंटिमीटरमधलं आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा.

समजा कोरडं वजन ४१२ ग्रॅम आणि काट्यावर १३९.६ आले, तर घनता २.९५. नेफ्राइटची घनता साधारण २.९० ते ३.०३ असते, म्हणजे हे जुळलं. तेवढ्याच वजनाच्या जेडाइटला (सुमारे ३.३३) काटा १२४ च्या आसपास दाखवेल, क्वार्टझाइटला (२.६५) १५५ आणि सर्पेंटाइनला (सुमारे २.५८) १६०. फरक इतका मोठा असतो की घरचा काटाही तो पकडतो. उत्तर २.८ च्या घरात आलं तर बहुतेक वेळा हवेचा बुडबुडा आत राहिलेला असतो. पोकळ कान आणि पाय यांच्या खाचा पाहा आणि पुन्हा मोजा. तीन वेळा मोजून सरासरी घ्या.

घाट आणि नक्षी: नक्कल कशाची

आता पहिला रकाना. फांगगू पात्रांचे घाट ठरावीक आहेत. दोन कानांचं अन्नपात्र 'ग्वेइ', तीन किंवा चार पायांचं 'दिंग', कर्ण्यासारखा उंच पेला 'गू', चोच आणि तीन पायांचं मद्यपात्र 'ज्युए', ओतायचं 'गोंग', पोट फुगलेली सुरई 'हू'. शिंगाच्या आकाराचा पेलाही लोकप्रिय होता. ग्वांगचौमध्ये १९८३ साली सापडलेल्या नान्यूए राजाच्या थडग्यात हान काळातला (इ.स.पू. २०६–इ.स. २२०) असा मूळ जेड पेला मिळाला.

नक्षीत मुखवटा ('थाओथ्ये'), मागची चौकोनी वळणांची 'लेइवेन' जाळी, एका पायाचे नागमोडी ड्रॅगन, केळीच्या पानासारखी उभी टोकदार पाती आणि अंगावर चढणारे बिनशिंगांचे 'चीलोंग' सरडे येतात.

ज्युए आणि ग्वेइ हे घाट कांस्यात रुळलेले. शांग काळातले कारागीर मातीचे तुकडे जोडून साचा करत. तुकड्यांच्या सांध्यावर धातूची रेघ उठे, आणि तिथेच उभे दातेरी पंख देऊन ती झाकली जाई. जेडला साचा नाही, सांधाही नाही, तरी कोरणाऱ्याने पंख ठेवले. त्याच्या दृष्टीने तो निव्वळ अलंकार होता. म्हणून जेडमधले पंख बारीक, एकसारखे आणि कधीकधी मुखवट्याच्या मधोमध विनाकारण तुटलेले दिसतात. ही चूक समजून पात्र नाकारू नका.

तसंच मिश्रणाचं. शांगचा मुखवटा, त्याखाली हानच्या जेडवरचे धान्याच्या दाण्यांसारखे उठाव, वर चीलोंग, असं हजार-दीड हजार वर्षांचं साहित्य एकाच पोटावर सापडतं. छिंग कारागिराला 'जुनं' हा एकच साठा होता, त्यातून तो हवं ते उचलायचा. मुखवट्याचं नाक 'रुयी' या शुभचिन्हाच्या ढगासारखं वळलेलं दिसलं की शांग किंवा त्यानंतरच्या झोऊ काळाचा विचार सोडून द्या. तो नंतरच्या हाताचा ठसा आहे.

भारतीय वाचकांचा इथे एक नेहमीचा घोटाळा होतो. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जेडचं मोठं दालन आहे आणि त्यात मुघल कामही आहे. मुघल जेडचं कूळ निराळं: पाकळ्यांचे पेले, पानाफुलांचे कान, बकऱ्याचं डोकं, कुंदनात जडवलेली रत्नं. शाहजहानचा १६५७ सालचा पांढरा पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, तो नमुना म्हणून डोळ्यांपुढे ठेवा. छ्यानलोंग या 'हिंदुस्तानी' जेडच्या पातळपणावर लुब्ध होता आणि चीनमध्ये त्या धर्तीवरही काम झालं. त्या कामाला फांगगू म्हणत नाहीत. मुखवटा आणि चौकोनी जाळी यांच्या जागी कमळ आणि अकँथसची (काटेरी कडांची) पानं असतील तर पात्र वेगळ्या रांगेत ठेवा.

कोरीवकाम: भिंगाखालचा अर्धा तास

जेड छिन्नीने कोरता येत नाही, झिजवावं लागतं. पायाने फिरवायच्या लाकडी यंत्रावर लोखंडी चकती, चकतीवर ओलसर वाळू, आणि हातात धरलेला दगड. वाळू गारेची, गार्नेटची किंवा कुरुंदाची. दगड झिजवते ती वाळू, चकती फक्त तिला ओढते. झिलईसाठी भोपळ्याची साल आणि चामडं. १८९१ साली पेकिंगमध्ये काढलेल्या चित्रमालिकेत या सगळ्या पायऱ्या दाखवल्या आहेत.

या पद्धतीच्या खुणा ओळखायला टॉर्च जवळजवळ आडवी धरा, पृष्ठभागाशी १५ अंशांच्या कोनात, आणि लेइवेनची एकच ओळ निवडा. गोल चकतीने पाडलेली रेघ मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना निमुळती होते. वळणावर चकती वळत नाही, म्हणून कारागीर छोट्या सरळ कापांची साखळी करतो. भिंगाखाली वळण म्हणजे अनेक बारीक बाजूंचा बहुभुज दिसतो. कोपऱ्यावर रेघ किंचित पुढे निसटलेली असते. रेघेच्या तळाशी झीज मऊ, धूसर असते. दोन चौकोन कधीही तंतोतंत सारखे नसतात.

हिऱ्याचे कण बसवलेल्या विजेच्या बिटाने पाडलेली रेघ टोकापर्यंत एकाच रुंदीची असते आणि गोल वळणावर सहज वळते. तिच्या तळाशी समांतर सूक्ष्म ओरखडे किंवा नियमित थरथरीची लहर दिसते. खोल जागा खरखरीत आणि माथे काचेसारखे चकचकीत, असा विरोध दिसला की काम अलीकडचं समजा. जुना कारागीर खोल जागाही जमेल तितकी घासायचा. वेळ हेच त्याचं भांडवल होतं. आजच्या कामात सर्वांत आधी वाचवला जातो तो हाच वेळ.

जाळीकामात छिद्राच्या आतल्या भिंती पाहा. आधी भोक पाडून त्यातून तार घालत आणि वाळूसह करवतीसारखी ओढत. त्यामुळे भिंतीवर किंचित लहरी, एकमेकांना पुरत्या समांतर नसलेल्या रेषा राहतात.

मिंग कामाबद्दल चिनी संग्राहक 'जाडंभरडं मिंग' असं म्हणतात, आणि ते खरं आहे. बाहेरून दणकट, चकचकीत झिलई, पण चीलोंगच्या पोटाखाली आणि कानांच्या आत भोकांचे ठसे तसेच सोडलेले. छ्यानलोंगच्या दरबारी कामात तसं सुटलेलं सापडत नाही. कानाच्या मागची बाजूही समोरच्याइतकी सफाईदार असते. १९व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि त्यानंतरच्या निर्यातीच्या कामात साखळ्या, कड्या, झाकणावरचे सिंह वाढत जातात आणि मुखवट्याच्या रेषा मात्र सैल पडतात.

आतली बाजू

खरेदीदार बाहेरून पाहतो, म्हणून बनावटीतला आळस आत सापडतो. पोकळी काढण्यासाठी नळीसारखं छिद्रक वाळूसह फिरवत, मधला दांडा मोडून काढत आणि मग वाकड्या अवजारांनी भिंती रुंदावत. तळाशी वर्तुळाकार चर किंवा मोडलेल्या दांड्याची खूण राहिली असेल तर ती लिहून ठेवा. ती जुन्या कामात मिळू शकते, पण दरबारी म्हणून दाखवलेल्या पात्रात शोभत नाही.

आता टॉर्च तोंडातून आत सोडा आणि खोली अंधारी करा. अरुंद मान आणि रुंद पोट असलेल्या पात्रात खांद्याखालचा दगड काढणं हे सर्वांत कष्टाचं काम. ते केलं असेल तर मान, खांदा, पोट सारखं उजळतं. टाळलं असेल तर मान उजळते आणि पोट काळोखं राहतं: बाहेर फुगीर सुरई, आत सरळ नळकांडं. असं पात्र हातातही आकाराच्या मानाने जड लागतं. जिथे पोचेल तिथे व्हर्नियरने काठाची जाडी चार दिशांना मोजा. चांगल्या कामात फरक फार थोडा असतो.

रंग आणि 'जमिनीतलं' वय

नदीतल्या गोट्याला तपकिरी साल असते आणि कोरणारे ती मुद्दाम राखतात, बहुधा चीलोंगच्या पाठीवर. नैसर्गिक सालीचा रंग आत हळूहळू विरतो. दिलेला रंग चिरांमध्ये गडद साचतो आणि चिरेपासून थोड्या अंतरावर एकदम संपतो.

रंग दिलेला आहे म्हणजे वस्तू आधुनिक बनावट, असं मात्र धरू नका. पुरलेल्या जेडसारखं दिसावं म्हणून दगडाला डाग देणं, भाजून कोंबडीच्या हाडासारखा पांढरेपणा आणणं हे जुन्या कारागिरांनीही केलं आहे. नेफ्राइट तापवलं की ते अपारदर्शक पांढरं होतं. म्हणून डागापेक्षा डाग आणि कापाचा क्रम पाहा. डाग रेघेच्या तळाशी उतरला असेल तर आधी रेघ, मग रंग. रेघेने डाग कापला असेल आणि खाली ताजा दगड दिसत असेल तर कोरीवकाम डागानंतरचं. 'जमिनीतून आलेल्या' पात्रावर अशी ताजी रेघ दिसली की ती वस्तू परत द्यावी.

तळाची अक्षरं

छ्यानलोंगची खूण चार अक्षरांची 'छ्यानलोंग न्येन ज्र्' (छ्यानलोंगच्या काळात केलेलं) किंवा सहा अक्षरांची 'दा छिंग छ्यानलोंग फांगगू' अशी येते. दुसरीत सम्राट स्वतःच सांगतो की ही जुन्याची नक्कल आहे. लिपी बहुतेक वेळा रुंद, आडवी 'लिशू' वळणाची. अक्षरंही चकतीनेच पाडलेली असल्याने प्रत्येक फटकारा निमुळता आणि अनेक छोट्या कापांचा बनलेला असतो. एकाच खोलीचं, एकाच रुंदीचं, पेनाने लिहिल्यासारखं अक्षर असेल तर संशय घ्या. साध्या जुन्या पात्रावर नंतर खूण घालण्याचे प्रकार खूप आहेत, म्हणून अक्षराच्या चरातली झिलई शेजारच्या नक्षीच्या झिलईशी ताडून पाहा. मिंग काळातला सूचौचा नामवंत कारागीर लू त्सगांग याचं नाव तर शतकानुशतकं इतरांनी घातलं आहे. त्या नावाला पुरावा म्हणून काहीच किंमत देऊ नका.

डागडुजी

अंधारात अतिनील टॉर्च फिरवा. नेफ्राइट सहसा निर्विकार राहतं, आधुनिक गोंद आणि राळ निळसर-पांढरी चमकतात. कड्यांवर, कानांच्या मुळाशी आणि झाकणाच्या गोंड्यावर विशेष पाहा. सुटी कडी त्याच दगडातून कोरलेली असल्याने तिला सांधा असूच शकत नाही. सांधा दिसला तर कडी तुटून जोडली आहे.

काठ फुटला की तो घासून खाली आणतात. ओळखायचं कसं? काठालगतचा नक्षीचा पट्टा मध्येच कापलेला असतो, आणि काठ नेहमीपेक्षा जाड लागतो. एका कानाखाली कडीसाठी जागा आहे आणि दुसऱ्याखाली सपाट, चकचकीत ठिपका आहे, तर तिथलं काही तुटून घासलं गेलं आहे. झाकण मूळचं असेल तर दगडाची शिर झाकणातून पात्रात उतरताना दिसते, निदान रंगाची छटा आणि ढग एकाच जातीचे असतात.

उरलेली कामं

मुंबईतल्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळा दगड कोणता आणि त्यात राळ भरली आहे का, हे नक्की सांगू शकतात. कोरीवकाम कधी झालं हे मोजणारी थेट चाचणी मात्र नाही. मातीच्या भांड्यांसाठीची थर्मोल्युमिनेसन्स किंवा सेंद्रिय पदार्थांसाठीची कार्बन चाचणी इथे लागू होत नाही. 'वय प्रमाणित' असं लिहिलेला प्रयोगशाळेचा कागद कोणी दाखवला, तर त्यात नेमकं काय मोजलं ते वाचा.

डोळा तयार करायला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं चिनी-जपानी कलेचं दालन मुंबईतच आहे. त्यातला मोठा वाटा सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांचा आहे. काचेतून का होईना, तुपकट चमक आणि काचेरी चमक यांतला फरक तिथे तासभर उभं राहून मनात बसवून घ्या.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतातून बाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावशेष कायद्याने बंदी आहे. अलीकडची वस्तू परदेशी नातेवाइकांकडे पाठवायची असली तरी आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या.

स्वच्छतेसाठी कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. लिंबू, चिंच, खोबरेल तेल, अल्ट्रासॉनिक यंत्र, वाफ यांपैकी काहीही वापरू नका. आम्ल चिरांत शिरतं, आणि तेलामुळे धूळ बसून खरी झिलई झाकली जाते. हलवताना झाकण वेगळं गुंडाळा, कड्या मऊ कापडाच्या पट्टीने पोटाशी बांधा म्हणजे त्या आपटणार नाहीत, आणि पात्र आडवं न ठेवता उभंच फोमच्या खाचेत बसवा. वहीतले तीन रकाने, घनतेचे तिन्ही आकडे आणि आडव्या उजेडातले फोटो त्याच पेटीत ठेवा.